दोघा भावांचं एकच अक्षर

जितेंद्र गेला तेव्हा त्याच्या पायात बूट होते. सकाळी मानकापूरच्या मैदानावरून तो परत आला, जिना चढून वर स्वयंपाकघरात गेला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्यासकट खाली बसला. त्याची बायको मिनल गॅसजवळ उभी होती. तिला वाटलं, बूट सोडायला बसला. "इथं नका सोडू, बाहेर सोडा ना," असं ती म्हणालीसुद्धा. मग पाणी वाहत तिच्या पायापर्यंत आलं, तेव्हा तिनं वळून पाहिलं.

खाली प्रेमानंद दुकानाचं शटर वर करत होता. जितेंद्रचा तो थोरला भाऊ. जरीपटक्यात त्यांचं दोन मजली घर होतं; खाली प्रेमानंदचं कूलर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान, वर सगळ्यांचं राहणं. मार्च संपत आला होता, दुकानात जुने कूलर एकावर एक रचलेले होते. मिनलची हाक आली तेव्हा तो त्यांच्यामधून वाट काढत जिन्याकडे धावला. दोघांनी मिळून जितेंद्रला खाली आणलं, ऑटोत घातलं. वाटेत प्रेमानंद त्याचे तळपाय चोळायला गेला आणि हाताला बूट लागले. ते काढायचंही त्याला सुचलं नाही. तो बुटांवरूनच चोळत राहिला.

दवाखाना तोच होता, डिसेंबरमधला. डिसेंबरमध्ये शाळेच्या क्रीडासंमेलनाच्या आदल्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेषा आखताना जितेंद्रच्या जबड्यात कळ आली होती आणि अंगाला दरदरून घाम फुटला होता. तो शाळेत पी.टी.चा शिक्षक होता. 'मेश्राम सर' म्हटलं की अख्ख्या उत्तर नागपुरातली खेळणारी पोरं ओळखत. त्याला वाटलं, ॲसिडिटी झाली. त्याच्या हाताखालच्या नूपुर मॅडमनी ऐकलं नाही, सरळ गाडीत बसवून आणलं. हार्ट अटॅक निघाला. वय चाळिशीच्या आत. स्टेंट बसला, गोळ्या सुरू झाल्या, आणि हळूहळू तो चालायला, मग डॉक्टरांच्या परवानगीनं थोडं पळायलाही लागला. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. या वेळी मात्र डॉक्टरांनी छातीवर यंत्र ठेवलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि प्रेमानंदच्या खांद्यावर हात ठेवला.

नारा घाटावर शाळेची पोरं रांगेनं उभी राहिली. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. जितेंद्रची मुलगी भूमिका दहावीत जाणार होती. ती आईचा हात धरून उभी होती आणि तिचा हात इतका घट्ट होता की मिनलची बोटं पांढरी पडली होती.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सतरंजीवर बसून बाया बोलत. शेजारच्या यमुताई रोज यायच्या. त्या म्हणाल्या, "काळीज म्हणजे काय मशीन आहे काय वं? इतकं पळवलं तर बंदच पडन. एकदा झटका आल्यावर तरी ऐकाले पाहिजे होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. कौसल्याबाईंच्या, म्हणजे जितेंद्रच्या आईच्या, मनात ते जाऊन बसलं. धावून धावून त्यानं स्वतःला संपवलं. आणि त्याला पुन्हा धावायला कोणी पाठवलं? मिनलनं. "डॉक्टर हो म्हणाले ना, मग जा की, घरात बसून बसून चिडचिड करता," असं ती त्याला म्हणाली होती. हे कौसल्याबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या मिनलला वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त तिच्याशी बोलणं कमी झालं. मिनलनं भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी त्या भूमिकेकडे पाहून उत्तर द्यायच्या.

पण प्रेमानंदच्या मनात रुतलं ते वेगळंच. चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. बाया बसल्या होत्या. कौसल्याबाई भिंतीला टेकून रडत होत्या. "तोच काहून? त्यानं कधी सुपारीचं खांडही तोंडात घेतलं नाही. पहाटे उठे. भिजवलेले चणे खाये. दारूच्या वाटेले गेला नाही. मंग तोच काहून?"

आणि बोलता बोलता त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या प्रेमानंदवर गेली. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. सकाळपासूनचा तिसरा किंवा चौथा. पोट सुटलेलं, दोन जिने चढला की धाप लागणारी. लग्न दोनदा जुळून दोनदा मोडलेलं, मागे रडायला बायको ना पोर. आईची नजर त्याच्यावर आली आणि थांबली. प्रेमानंद जिना उतरून खाली गेला आणि एका कूलरच्या रिकाम्या टाकीत थुंकला.

त्याला आईचा राग आला नाही. प्रश्न त्याचाही तोच होता.

महिनाभरानं भूमिकेचे सराव पुन्हा सुरू होणार होते. ती आठशे मीटर धावायची. गेल्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली होती. बापानंच शिकवलं होतं. शाळेतून निरोप आला तसं कौसल्याबाई ताट बाजूला सारत म्हणाल्या, "या घरातलं आता कोणी धावणार नाही." मिनलनं मान खाली घातली. आपल्याला विरोध करायचा हक्क उरला नाही, असं तिला वाटत असावं. मग नाही सांगायचं काम प्रेमानंदवर आलं.

तो भूमिकेला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर घेऊन गेला. तिला वाटलं, सोडायला आले. ती कठड्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. प्रेमानंदनं नूपुर मॅडमना बाजूला घेतलं.

"मॅडम, ती नाही येणार आता. आमच्या घरी नाही म्हणतात."

"तिच्या वडिलांचं झालं म्हणून? तिचं वय काय, त्यांचं वय काय! सर असते तर..."

"सर नाही आहे ना," प्रेमानंद म्हणाला.

भूमिकेनं ऐकलं. तिनं बांधलेली नाडी सोडली, बूट पिशवीत टाकले आणि स्कूटरजवळ येऊन उभी राहिली. तिनं भांडावं, पाय आपटावेत, असं प्रेमानंदला फार वाटलं. वाटेत त्यानं तिला उसाचा रस विचारला. तिनं नको म्हटलं.

जुलैत दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर दीप्ती म्हणून कोणी बाई बोलत होत्या. कमी वयात हार्ट अटॅक आलेल्या लोकांच्या रक्ताचा त्या अभ्यास करत होत्या. जितेंद्रनं डिसेंबरमध्ये त्यासाठी रक्त दिलं होतं आणि स्टेंटनंतर तब्येत सुधारल्यावर एक तपासणीही करून घेतली होती. आता त्यांना तुलनेसाठी सख्खे भाऊ-बहीण हवे होते, ज्यांना असा त्रास झालेला नाही असे. "ते गेले, हे मला कळलं," त्या म्हणाल्या. "तुमची इच्छा नसेल तर अजिबात आग्रह नाही."

प्रेमानंद गेला. अभ्यासाचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण 'तोच काहून' या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे असेल, तर ते तिथे असेल असं त्याला वाटलं. येण्याआधी काही खायचं नाही, तंबाखू नाही, असं सांगितलेलं होतं. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याची सकाळ खर्ऱ्याविना गेली.

डॉक्टर दीप्ती पस्तिशीच्या होत्या, बोलायला साध्या. रक्त काढून झाल्यावर त्यांनी त्याला पलंगावर झोपवलं. कोपराच्या खाली बीपीचा असतो तसा पट्टा आवळला आणि कोपराच्या वर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर दोन समांतर रेषा दिसायला लागल्या, मध्ये काळी वाट.

"ही तुमची रक्तवाहिनी. आता पट्ट्यामुळे खालचं रक्त अडलंय. थोड्या वेळानं पट्टा सोडला की रक्त जोरात धावेल. निरोगी रक्तवाहिनी त्या वेळी स्वतःहून रुंद होते, पाहुणे आले की आपण दार पूर्ण उघडतो तशी."

"तिले कसं कळते?"

"तिच्या आतल्या अस्तराला कळतं. रक्ताचा जोर वाढला की ते अस्तर एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. अगदी थोडासा. त्यानं भिंत सैल पडते, वाट मोठी होते. तो वायू कमी पडला तर भिंत ताठच राहते, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की तिथे चरबी साचायला, गुठळ्या व्हायला सोपं जातं."

हात बधिर झाला होता, मुंग्या येत होत्या. मग त्यांनी पट्टा सोडला. हातात गरम लोंढा शिरला. प्रेमानंद पडद्याकडे बघत राहिला. त्या दोन रेषा जिथे होत्या जवळजवळ तिथेच राहिल्या.

"उघडली का?" त्यानं विचारलं.

"थोडी," डॉक्टर म्हणाल्या. मग खोटं बोलणं त्यांना जमलं नसावं. "फारच थोडी."

रक्ताचा निकाल यायला बरेच आठवडे लागले. तेवढ्या काळात प्रेमानंदनं मनाशी एक गोष्ट पक्की ठरवून टाकली होती: जितेंद्रच्या रक्तात काहीतरी वाईट निघणार आणि आपल्या रक्तात नाही. म्हणजे मग ते नशीब ठरेल. दोघांचं पान वेगळं होतं, त्याचं फाटलं, माझं नाही. त्यात कोणाची चूक नाही. आईला जाऊन तसं सांगता येईल.

डॉक्टर दीप्तींनी त्याला समोर बसवलं. जितेंद्रनं निकाल घरच्यांना सांगायला संमती दिली होती, म्हणून सांगते आहे, असं त्या म्हणाल्या.

"तो वायू बनवायला शरीरात एक कृती लिहिलेली असते. आपल्या प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काही लोकांच्या प्रतीत एक अक्षर वेगळं असतं. त्यानं वायू थोडा कमी बनू शकतो. तुमच्या भावाच्या दोन्ही प्रतींमध्ये ते अक्षर वेगळं होतं."

"आणि माझं?"

"तुमच्याही दोन्ही प्रतींमध्ये तेच आहे."

खिडकीबाहेर कुठेतरी ॲम्ब्युलन्स मागे घेताना पीं पीं वाजत होती.

"मंग मी काहून जिता आहो?"

"याचं उत्तर माझ्याकडे नाही." डॉक्टरांनी समोरचे कागद बाजूला केले. "हे एक अक्षर माणसाला मारत नाही, भाऊ. ते पुष्कळ लोकांमध्ये असतं आणि त्यांतले बहुतेक म्हातारे होऊन जातात. हजारो लोकांचा हिशेब लावला तर धोका थोडासा वाढलेला दिसतो, एवढंच. तुमच्या भावाचं कोलेस्टेरॉलही जास्त होतं, तेही बहुधा घराण्यातून आलेलं. तुमचे वडीलही लवकर गेले ना? अशा पुष्कळ गोष्टी एकत्र येतात. काही आम्हाला माहीत आहेत, काही नाहीत."

"लोक म्हणतात, धावून धावून गेला."

डॉक्टरांनी बाजूला केलेल्या कागदांतला एक पुन्हा समोर ओढला. "तुमची जी हाताची तपासणी केली, तीच त्यांचीही केली होती. अक्षर दोघांचं एकच. पण त्यांची रक्तवाहिनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त उघडत होती. अटॅक येऊन गेल्यावरसुद्धा. नियमित व्यायामानं ते अस्तर तो वायू जास्त बनवायला शिकतं. तंबाखूनं उलटं होतं. एका माणसाबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. पण तुम्ही मला विचाराल, तर धावण्यानं त्यांचे दिवस कमी झाले असं मला वाटत नाही. कदाचित त्यांना जे दिवस मिळाले, त्यातले काही धावण्यामुळेच मिळाले असतील."

प्रेमानंदनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. त्याला भूमिका आठवली, नाडी सोडताना.

"त्याची पोरगी धावत होती. आम्ही बंद केलं."

"तिचं कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्या, तेवढं महत्त्वाचं आहे. या अक्षराची तपासणी करत बसू नका, पोरीसाठी त्या तपासणीचा काही उपयोग नाही. आणि सगळं ठीक असलं तर धावू द्या तिला," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं बीपी मात्र खूप वाढलेलं आहे. आजपासून गोळी सुरू करावी लागेल. आणि तो खर्रा..."

"हो," तो म्हणाला, आणि पुढचं त्यानं ऐकलं नाही.

घरी येईपर्यंत त्यानं ठरवलं होतं काय सांगायचं ते. अर्धं खरं आणि अर्धं खोटं. संध्याकाळी चहाच्या वेळी सगळे वर होते. कौसल्याबाई पलंगावर, मिनल ओट्याजवळ, भूमिका खाली पुस्तकं पसरून. प्रेमानंद दारातच बसला.

"दवाखान्यातून आलो. धावण्यानं नाही गेला आपला जितू. डॉक्टरीणबाई म्हणे, धावला म्हणून तर इतके दिवस राहिला. रक्तातच होतं ते. माझ्याही रक्तात तेच निघालं."

मिनलच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा भांड्याबाहेर ओतला जात होता.

"रक्तात म्हणजे?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"बाबांकडून आलेलं." हे खोटं तो वाटेतच घोकत आला होता. आनंदराव, त्यांचे वडील, पोस्टात होते. पन्नाशीही न गाठता खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचा एक भाऊही तसाच गेला होता. कौसल्याबाई आयुष्यभर म्हणत आल्या होत्या, मेश्रामांच्या घराण्याचं काळीजच कच्चं. "बाबांच्या घराण्याचं आहे ते. तू म्हणत होती तेच निघालं."

कौसल्याबाईंनी सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात दुःखाबरोबर थोडी सुटकाही होती, आणि ती ऐकून प्रेमानंदला बरं वाटलं.

तेवढ्यात भूमिकेनं वर पाहिलं. "मोठे बाबा, घराण्यातून जे येतं त्याच्या प्रत्येकात दोन प्रती असतात. तुमच्यात आणि पप्पांत, दोन्ही प्रती तशाच निघाल्या का?"

"हो. दोन्ही प्रती, असंच म्हणाल्या त्या." तो बोलून गेला.

"मग एक आजोबांकडून आणि एक आजीकडून. दोन्ही एकाकडूनच नाही येऊ शकत. आम्हाला आहे ना विज्ञानाला." ती हे सहज म्हणाली, शाळेत उत्तर द्यावं तसं. मग तिनं प्रेमानंदचा चेहरा पाहिला, आजीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

कौसल्याबाईंनी आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले, जणू त्यांना काही लागलेलं आहे.

"म्हणजे मीही," त्या म्हणाल्या. "आणि मी बसली आहो इथं. माझं काळीज चालूच आहे."

"तसं नाही वं आई. एवढ्यानं कोणी मरत नाही. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, ज्याच्यात असते ते बहुतेक म्हातारे होतात. तूच पाह्य ना."

"मले समजवू नको."

ओट्याजवळ मिनल खाली बसली. आधी कोणाला कळलं नाही, की ती रडते आहे. जितेंद्र गेल्यापासून ती कोणासमोर रडलीच नव्हती. घाटावरून परतल्यावरही नाही. आता तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि अंग गदगदत होतं. "मीच पाठवलं, मीच पाठवलं, असं इतके महिने..." एवढंच तिच्या तोंडातून आलं. भूमिका तिच्याजवळ सरकली. कौसल्याबाई पलंगावरून उठल्या. दोन पावलं त्यांच्याकडे गेल्या, मध्येच थांबल्या. मग भिंतीचा आधार घेत जितेंद्रच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमानंद दुकानात एका मोटारीचं वायंडिंग तपासत बसला होता. उन्हाळा सरून किती महिने झाले होते. कूलरचं गिऱ्हाईक नव्हतं, पण हाताला काम हवं म्हणून तो बसायचा. कौसल्याबाई जिना उतरून आल्या. त्या दुकानात कधी येत नसत. एका उलट्या घातलेल्या टाकीवर त्या बसल्या.

"मिनलशी बोलली," त्या म्हणाल्या. "सकाळी. तिचे पाय धरणार होती, तिनं धरू नाही दिले."

"बरं केलं."

"तुले एक सांगाचं होतं." रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. "त्या दिवशी बाया बसल्या होत्या, तवा मी तुह्याकडे पाह्यलं. तुले समजलं असन."

प्रेमानंदनं पाना खाली ठेवला. "समजलं."

"आई आहो का मी?"

"तू जे पाह्यलं ते मीही म्हणत होतो, आई. जितूले बायको आहे, पोरगी आहे, शाळा आहे. माहं काय आहे? हे कूलर. मी गेलो असतो तर..."

"चूप." त्यांचा आवाज चिरका झाला. "चूप बस. दोघंही माह्या अंगातून निघाले. दोघांले एकच दिलं मी, वाईटही एकच दिलं. तूच तर सांगितलं." त्या उठल्या, त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि हाताचा पंजा त्याच्या तोंडाखाली धरला.

"थुक."

"काय?"

"तोंडात आहे ते. थुक."

तो चाळिशी ओलांडलेला माणूस होता, डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं. लहानपणी तोंडात खडू, माती, पैसा काही घातलं की आई असाच हात धरायची. त्यानं मान फिरवली. तिनं हात तसाच ठेवला. शेवटी त्यानं गालातला खर्रा तिच्या तळहातावर काढला. लाल-काळा चोथा आणि लाळ. ती तो मुठीत धरून मोरीकडे गेली. नळ किती तरी वेळ वाहत होता. ती हात धूत होती की रडत होती, ते पाठमोरं कळत नव्हतं, आणि प्रेमानंदलाही त्या वेळी समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्यानं खर्रा सोडला असं लगेच झालं नाही. सोडला, पुन्हा खाल्ला, पुन्हा सोडला. पण गोळी रोज घेऊ लागला. भूमिकेचं कोलेस्टेरॉल तपासलं. थोडं वाढलेलं निघालं. घाबरण्यासारखं नाही, खाण्यावर लक्ष ठेवा, खेळ चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी कौसल्याबाईंनी स्वतः तिच्या बुटांची पिशवी माळ्यावरून काढायला लावली, बूट ओल्या फडक्यानं पुसले आणि नातीपुढे ठेवले.

"जा वं बाई. उद्यापासून जा. मी चुकली."

भूमिकेनं बुटांकडे पाहिलं. "नको आजी."

"काहून? रागावली?"

"नाही." ती वहीच्या कोपऱ्यावर पेननं रेघा ओढत होती. "मध्ये एकदा शाळेत मी धावून पाहिलं. उभ्या बसच्या मागे, कोणी बघणार नाही तिथे. छातीत धडधड व्हायला लागली. आधीही व्हायची, पण तेव्हा मला माहीत होतं की ती धावल्याची आहे. आता कळत नाही कशाची आहे."

"डॉक्टरांनी सांगितलं ना, बेटा, तुला काही नाही," मिनल म्हणाली.

"पप्पांनाही सांगितलं होतं," भूमिका म्हणाली.

कौसल्याबाई बुटांवरून हात फिरवत राहिल्या. आपण पोरीच्या मनात काय पेरलं, ते त्यांना त्या दिवशी दिसलं, आणि ते उपटून काढायला त्यांच्याकडे ना शब्द होते ना ताकद. कोणी तिला पुन्हा आग्रह केला नाही. मिनलनं बूट कपाटात ठेवून दिले, खालच्या कप्प्यात, सहज दिसतील असे.

दिवाळीनंतर थंडी पडली. प्रेमानंदला डॉक्टर दीप्तींनी रोज चालायला सांगितलं होतं आणि तो रोज टाळत होता. एकट्यानं मैदानावर जायची त्याला लाज वाटे. जितेंद्रला ओळखणारे सगळे तिथे भेटत. एका रविवारी सकाळी त्यानं भूमिकेला हाक मारली.

"माह्यासंगं येतं का? धावाचं नाही. नुसतं चालू. मले एकट्याले जमत नाही."

तिनं थोडा विचार केला. मग कपाटाकडे न जाता चपला घातल्या.

मैदानावर धुकं होतं. कडेकडेनं दोघं चालू लागले. अर्धी फेरी होते न होते तोच प्रेमानंदला धाप लागली आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भूमिका त्याच्या तोंडाकडे निरखून पाहायला लागली. तिच्या डोळ्यांतली भीती त्यानं ओळखली. डिसेंबरनंतर बापाकडेही ती असंच पाहायची.

"काही नाही वं पोरी. लठ्ठ आहो, म्हणून," तो म्हणाला. "जरा थांबू."

मधल्या पट्ट्यातून पोरींचा घोळका धावत आला. त्यांच्यामागे नूपुर मॅडम शिट्टी घेऊन. त्यांनी भूमिकेला पाहिलं, हात वर केला, पण थांबल्या नाहीत. पोरींच्या पावलांचा आवाज जवळ आला, बाजूनं गेला आणि धुक्यात कमी कमी होत गेला. भूमिका त्या दिशेला पाहत राहिली. तिच्या उजव्या पायाची टाच दोन-तीनदा जमिनीवरून उचलली गेली आणि पुन्हा खाली टेकली. प्रेमानंदनं ते पाहिलं.

"पप्पा असते तर ओरडले असते," ती म्हणाली. "मध्येच थांबायचं नाही म्हणायचे."

"मंग चाल."

दोघं पुन्हा चालू लागले, त्याला झेपेल इतक्या चालीनं. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि धावणाऱ्या पोरी घरी निघाल्या होत्या.